पितरपाट्यात घेतलेलं घर

मंगळवार, १६ सप्टेंबर २०२५

आज सकाळी, ऐन पितृपंधरवड्यात, कोरीटला भावाच्या घरी वडिलांचं श्राद्ध होतं, आणि मी ते सोडून नव्या वसाहतीत घर बुक करायला गेलो.

आंघोळ केली, देवांना पाणी घातलं. दिवा लावायला काड्यापेटी हातात घेतली आणि तशीच परत ठेवली. बायकोला, शीलाला, वाटलं मी सरळ गावी निघालोय. तिने भावासाठी पिशवीत उडदाची डाळ दिली. ती पिशवी घेऊनच मी बिल्डरच्या ऑफिसात बसलो. तिथला पवन म्हणाला, "काका, पितरपाट्यात आमच्याकडे कुत्रंही फिरकत नाही. तुम्ही कसे आलात?" मी म्हटलं, काम अडलंय. त्याने माझ्या नावाने पावती केली. घराचा नंबर लिहिताना मी खिडकीबाहेर बघत होतो.

कोरीटला पोचलो तेव्हा पानं उठली होती. भाऊ एवढंच म्हणाला की दादांचा घास ठेवून झाला, तुझी वाट पाहिली. मी गाडी उशिरा मिळाल्याचं सांगितलं.

दिवसभर काही वाटलं नाही. आता लिहायला बसलो तर हात जड झालाय. कारण ते घर सुकलालभाऊचं होतं. म्हणजे त्याने घेतलेलं नव्हतं, पण त्याचंच होतं.


बुधवार, १७ सप्टेंबर

सगळं नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मन मला फसवणार नाही.

सुकलालभाऊ ड्रायव्हर, मी कंडक्टर. नंदुरबार डेपोतून तळोदा, अक्कलकुवा, खापर अशी आमची गाडी. एवढ्या वर्षांत आमची जोडी फारशी तुटली नाही. त्याची बायको बेबीवहिनी. तिचे गुडघे गेलेत. ते दोघं भाड्याच्या घरात वरच्या मजल्यावर राहतात आणि जिना अरुंद आहे. दवाखाना सोडला तर वहिनी खाली उतरत नाही. ओट्यावर बसायची सवय असलेली बाई, आता गॅलरीतून भाजीवाल्याशी बोलते.

सुकलालभाऊ बरेच दिवस पायरी नसलेलं घर शोधत होता. नवीन घरं सगळी उंच जोत्याची, पुढे चार पायऱ्या आणि आत जिना. गणपती बसले तेव्हा त्याला या वसाहतीतलं टोकाचं घर सापडलं. घर बांधून झाल्यावर तिथला रस्ता भर टाकून उंच केला, त्यामुळे जोतं रस्त्याच्या बरोबरीला आलं. पावसाचं पाणी आत येईल म्हणून कोणी ते घेत नव्हतं. एकमजली, सगळं सपाट, उंबरासुद्धा नावाला. बाकीची सगळी घरं विकली गेली होती.

वहिनीला दाखवायला आम्ही दोघांनी तिला खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणलं. एका बाजूला तो, एका बाजूला मी. नव्या घराच्या दारात तिने खुर्ची थांबवायला सांगितली, भिंतीला हात लावून उभी राहिली आणि पुढच्या दारापासून मागच्या अंगणापर्यंत एकटी चालत गेली. मागे गेल्यावर नळ सोडून पाहिला. तिथूनच म्हणाली, "आठे ते मी एकली फिरसू."

इथे एकटी फिरेन, हे ऐकून सुकलालभाऊने तोंड फिरवलं. आणि मी त्या वेळी कुठे बघत होतो? ईशान्येच्या कोपऱ्यात देवासाठी कोनाडा केलेला होता. पांढरी फरशी, वर छोटीशी घंटा टांगायला कडी. आमचे देव पिठाच्या डब्यावरच्या फळीवर आहेत. पीठ काढलं की देवांवर उडतं. मला तो कोनाडा सोडवेना.


गुरुवार, १८ सप्टेंबर

कालचं अर्धं राहिलं.

सुकलालभाऊ पुढच्याच सोमवारी बुकिंगला जाणार होता. मला विचारलं, कारण डेपोत तिथी-वार मलाच विचारतात. तिकिटाच्या पिशवीत माझं पंचांग असतं, त्यामुळे सगळे मला महाराज म्हणतात. मी म्हणालो, "पितरपाटामा घर लेवानं नही, भाऊ. घट बसनात की जा." तो म्हणाला, "तू सांगं ना, मंग झायं." बस, इतकंच बोलणं. गाडी तापीच्या पुलावर होती.

मी खरं तेच सांगितलं. पितरपाट्यात कोणी नवी वस्तू घेत नाही. आमच्या घरी तर झाडूही आणत नाहीत. सांगताना माझ्या मनात काही नव्हतं, असं मी दोन दिवस स्वतःला समजावतोय.

त्याच आठवड्यात खापरहून आमच्या मुलाच्या, भाग्येशच्या, लग्नाची गोष्ट आली. मुलगी कामिनी, शिकलेली. तिचे वडील योगेंद्रभाऊ यांनी एकच विचारलं, नंदुरबारला स्वतःचं घर आहे का. भाग्येश सुरतला कंपनीत आहे, पण आपल्याकडे घर म्हणजे इथलंच. शीला रडली. आणि मला तो कोनाडा आठवला.

असं लिहिल्यावर बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.


सोमवार, २२ सप्टेंबर. घटस्थापना.

घट बसवला. शीलाला पेढे देऊन सांगितलं की घर पाहिलंय, बुक करतोय. तारीख सांगितली नाही. ती देवापुढे इतका वेळ हात जोडून बसली की दूध उतू गेलं.

सुकलालभाऊ आज सकाळी नारळ आणि हार घेऊन नव्या वसाहतीत गेला. मला माहीत होतं. त्याची सुट्टी होती, माझी ड्यूटी होती, त्यामुळे दिवसभर मी दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर. अक्कलकुव्यापर्यंत दोन तिकिटं चुकीची काढली.

संध्याकाळी पवनला फोन केला. माझं नाव कोणाला सांगू नको, असं मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. तो म्हणाला, काळजी करू नका काका, घर गेलं एवढंच सांगितलं. तुमचा तो माणूस खूप वेळ बसला होता, चहा घेतला, गप्पा मारल्या, नारळ आमच्याच ऑफिसातल्या गणपतीपुढे फोडला. चांगला माणूस आहे, असंही म्हणाला.

देवाने निभावून नेलं.


गुरुवार, २५ सप्टेंबर

सुकलालभाऊ घराबद्दल काही बोलला नाही. मीच विचारलं. "गयं," म्हणाला, आणि गिअर टाकला.

एक गोष्ट मात्र चांगली झाली. त्याचं मन देवाधर्माकडे वळतंय. पूर्वी मी पंचांग काढलं की तो पानाची पिंक टाकायला उठायचा. आता स्वतःहून विचारतो. आज तळोद्याला बॉनेट उघडून म्हणाला, "मगन, रेडिएटरमा पानी टाकानं शे. तिथी देखी सांग बरं." पुढच्या बाकावरच्या बाया हसल्या. मी सांगितलं, चतुर्थी आहे, पाण्याला काय मुहूर्त. परत येताना पानाच्या टपरीजवळ गाडी हळू केली. "महाराज, पान खावाले बरा टाइम शे का?"

दुःखात माणूस देवाजवळ जातो, हे वडील म्हणायचे.


गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा.

ठरवलं होतं की आपट्याची पानं देताना सांगून टाकायचं. सण आहे, मन मोठं असतं.

शीलाला घेऊन त्यांच्याकडे गेलो. वहिनीने गॅलरीत रांगोळी काढली होती, खाली दारात काढता येत नाही म्हणून. मी पानं दिली, पाया पडलो. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि जे बोलली ते मी जसंच्या तसं लिहितो.

"बरं झायं मगनभाऊ, तुम्ही थांबाडं. पितरपाटामा लिधं असतं ते मन्हा पाय आखो गया असता."

मी खाली बघत होतो. ती पुढे म्हणाली, "जेनी कोनी लिधं त्याले बी गरज व्हई. पन बिचारानी पितरपाटामा लिधं. त्याले कोनी सांगनारं नही व्हतं का?"

सुकलालभाऊ दारात टेकून उभा होता. म्हणाला, "त्याले कोन सांगी? तो सोताच जाणकार व्हई." आणि हसला. त्याचं हे एक आहे, काळीज जळत असलं तरी थट्टा करतो.

शीलाला यातलं काहीच कळलं नाही. वहिनीने तिला फराळ बांधून दिला. जिना उतरताना शीला म्हणाली की किती मायाळू बाई आहे, आपल्या नव्या घरी वास्तूला पहिली हिलाच बोलवू.


शुक्रवार, ३ ऑक्टोबर

दसऱ्याला सांगणं बरोबर झालं नसतं. सणाच्या दिवशी कोणाचं मन मोडू नये. दिवाळी झाली की सांगतो.


रविवार, १२ ऑक्टोबर

योगेंद्रभाऊ खापरहून घर बघायला आले. बरोबर त्यांचे धाकटे भाऊ. पवनने दार उघडून दिलं. त्यांनी भिंती ठोकून पाहिल्या, स्वयंपाकघरात उभं राहून हात पसरून पाहिले, छतावर गेले. कोनाड्यापुढे हात जोडले. मला तेव्हा अभिमान वाटला, खोटं का बोलू.

बाहेर रस्त्यावर येऊन त्यांनी घराकडे पाहिलं आणि म्हणाले, "पुढे दोन पायऱ्या काढी ल्या मगनभाऊ. घर रस्ताले चिकटेल दिसस, शोभत नही. पानी बी येवाव नही."

शीला लगेच हो म्हणाली. पवन म्हणाला, आरामात होईल, आतली फरशी उचलून भर घालू. कामिनीचे काका बोटाने हवेत पायऱ्या दाखवत होते, इथून एक, इथून एक. मला त्यांच्या बोटाच्या जागी वहिनी दिसली, भिंतीला हात लावून उभी.

मी म्हणालो, बघू पुढे. गाडीत शीला म्हणाली, बघू काय, चांगलं तर सांगितलं त्यांनी.

गोष्ट पक्की झाल्यासारखी आहे. बँकेकडूनही होकार आला. खरेदीखत वर्ष संपायच्या आत करायचं.


मंगळवार, २१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन.

पूजा केली. मन लागलं नाही. शीलाने या वेळी लक्ष्मीला सांगितलं की पुढच्या वर्षी तुझं स्वतःच्या घरात. मी मंत्र विसरलो, तिने आठवण करून दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तुळशीचं लग्न होऊ दे. मग सांगतो. तोवर शुभ दिवस नाही.


सोमवार, ३ नोव्हेंबर

खापरला गाडी थांबली की आम्ही स्टँडच्या निंबाखाली बसून भाकरी खातो. त्याची चटणी मला, माझं लोणचं त्याला. बरेच दिवस तो म्हणतो पोट ठीक नाही आणि गाडीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसतो. आज मी मागून गेलो तर तो भाकरी खात होता. मला पाहून म्हणाला, आता बरं वाटतंय.

मी लोणचं पुढे केलं. त्याने घेतलं. पण हातात धरून ठेवलं, खाल्लं नाही.


शनिवार, १५ नोव्हेंबर

डेपोत कळलं की सुकलालभाऊने ड्यूटी बदलून मागितली आहे. नव्या वर्षापासून पहाटेची धुळ्याची गाडी. माझी नाही, त्याची एकट्याची मागणी. साहेब मला म्हणाले, तुमची जोडी फुटतेय म्हणायची. मी हसलो.

पहाटेची गाडी घेतली तर दुपारी घरी येता येईल. वहिनीच्या औषधपाण्यासाठी मागितली असेल. तरी मला सांगायला हवं होतं. मला वाईट वाटलं की तो माझ्यापासून गोष्टी लपवायला लागला.

हे वाक्य लिहून झाल्यावर मी पुन्हा वाचलं. खोडलं नाही. राहू दे.


शुक्रवार, ५ डिसेंबर

काल सारंगखेड्याला दत्ताच्या यात्रेची जादा गाडी आम्हाला लागली. गर्दी म्हणजे गाडीच्या दारात माणसं लोंबकळत होती. घोडे बघायला जाणारे वेगळे, देवाला जाणारे वेगळे, सगळे एकाच गाडीत आणि सगळ्यांना पुढे उभं राहायचं.

निघायच्या आधी भाऊने पिशवी माझ्या हातात दिली. नारळ, फुलं, एक लाल कापड. वहिनीने दिलं होतं. तिचा निरोप त्याने माझ्याकडे न बघता सांगितला. देवाला मगनभाऊंच्या हातून जाऊ दे, ते मनापासून करतात. पायरी नसलेलं घर मिळू दे, एवढंच मागणं सांगा.

भाऊ गाडीजवळ थांबला. मी रांगेत उभा राहिलो. ऊन चढलं होतं, पुढची म्हातारी पुन्हा पुन्हा मागे वळून विचारत होती की देऊळ दिसतंय का. मी इतक्या वेळा देवापुढे उभा राहिलोय, रांगेत कधी कंटाळा आला नाही. काल मात्र वाटत होतं रांग पुढे सरकू नये.

गाभाऱ्याशी पोचलो. नारळ पुढे केला. पुजाऱ्याने कोणाच्या नावाचा विचारलं. मी म्हणालो, बेबीबाई. पुढे मागणं सांगायचं होतं. ते मनात म्हणायचं असतं, कोणी ऐकत नाही. तरी मला म्हणता येईना. काय म्हणू? देवा, हिला पायरी नसलेलं घर दे? ते घर माझ्याकडे होतं. देवाला सांगायची काही गरजच नव्हती, मी नंदुरबारला जाऊन द्यायचं होतं.

मागून धक्का आला आणि मी बाहेर पडलो. मागणं तसंच राहिलं.

परत आलो तेव्हा भाऊने विचारलं, "सांगं का देवले?" मी म्हणालो, हो. त्याने खूप वेळ माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "चाल, घंटी मार."


रविवार, ७ डिसेंबर

आज शीलाला सगळं सांगितलं. वहिनीला आवडलेलं घर, माझा सल्ला, श्राद्धाची सकाळ, सगळं. ती गहू निवडत होती. ताट बाजूला ठेवलं नाही, पण हात थांबले.

आधी मला वाटलं ती रडेल. ती चिडली. माझ्यावर चिडली नाही, मी ते घर सोडणार म्हणतो म्हणून चिडली. तिचं म्हणणं चुकीचं नाही. भाऊला मूलबाळ नाही, काही वर्षांत रिटायर होऊन गावी जाईल. तिथे त्याचं स्वतःचं घर आहे. आमचा मुलगा तीस वर्षांचा होत आला, दोन ठिकाणी घरावरूनच नकार आला. खरेदीखत होऊ द्या, मग वर्षभराने सांगा, कोणाला काय आठवतंय.

मी म्हणालो, मला देवापुढे उभं राहता येत नाही.

ती म्हणाली, "तुम्हले देवनी भीती शे का लोकसनी?"

मी विचार करून उत्तर दिलं. देवाची नाही. लोकांचीही नाही. वहिनी मला चांगला माणूस समजते, त्याची भीती वाटते.

तिने गहू पुन्हा निवडायला घेतले. जेवण वाढलं. झोपताना एकच म्हणाली, भाग्येशला तुम्ही सांगा, मी सांगणार नाही.


सोमवार, ८ डिसेंबर

भाग्येशला फोनवर सांगितलं. पलीकडे कारखान्याचा आवाज होता. ऐकून तो म्हणाला, बाबा, योगेंद्रभाऊंना सांगायच्या आत मला कळवा, कामिनीला मी स्वतः सांगेन. मला वाटलं होतं तो भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं.


बुधवार, १० डिसेंबर

खापरला गाडी थांबल्यावर योगेंद्रभाऊंच्या दुकानावर गेलो. त्यांना म्हटलं, ते घर मी घेत नाहीये. कारणही सांगितलं. पूर्ण सांगितलं नाही, इतकंच की ते दुसऱ्या कोणाचं होतं आणि मी मध्ये घुसलो.

ते खतांच्या गोण्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, दुसरं घर बघाल ना? मी म्हणालो, बघेन, पण केव्हा मिळेल सांगता येत नाही. नंदुरबारला आता जी घरं आहेत ती माझ्या आवाक्यातली नाहीत. त्यांनी चहा मागवला. "घरमा इचारीसन कयाडसू," म्हणाले, म्हणजे विचारून कळवणार.

चहा घेतला. साखर जास्त होती. नाही म्हणाले असते तर मी त्यांना दोष दिला नसता. हो म्हणाले असते तर मात्र मला आवडलं असतं.

गाडीत भाऊने विचारलं, तिकडे कशाला गेला होतास. मी म्हणालो, सोयऱ्यांकडे. सांगायला हीच वेळ होती. अक्कलकुव्यापर्यंत मी मागच्या दाराशी उभा राहिलो.


मंगळवार, १६ डिसेंबर

पवनचा फोन. खरेदीखताचा दिवस ठरवा म्हणतोय. मी पंचांग काढलं. आजपासून धनुर्मास, म्हणजे तसा चांगला दिवस संक्रांतीपर्यंत नाही. मग वाटलं, भाऊला सांगायलाही संक्रांतीनंतरच बरं. तिळगूळ देताना सांगता येईल.

हे मनात आलं आणि मी पंचांग मिटलं.

घट बसू दे. दसरा होऊ दे. दिवाळी, तुळशी, दत्तजयंती. सगळ्या तिथ्या मी स्वतःच्या बाजूने वापरल्या. एकदा त्याला थांबवायला आणि मग स्वतःला थांबवायला. पुलावर त्याला जे सांगितलं ते पितरांसाठी नव्हतं, हे आज मला खरं खरं कळलं. कोनाडा तोवर माझ्या डोक्यात बसला होता. शास्त्र खरं होतं, मी खोटा होतो. वडिलांनी मला तिथी वाचायला शिकवली ती याच्यासाठी नाही.

शुक्रवारी अमावास्या आहे. कोणी काही चांगलं करत नाही त्या दिवशी. शुक्रवारीच सांगतो. नाहीतर पुन्हा मी शुभ दिवस शोधत बसेन.


शुक्रवार, १९ डिसेंबर

झालं. सकाळपासूनचं सगळं लिहितो.

गाडी डेपोत धुऊन उभी होती. सुटायला वेळ होता. भाऊ त्याच्या सीटवर बसून काच पुसत होता. मी त्याच्या मागच्या बाकावर बसलो. थंडी होती, त्याने मफलर बांधला होता, त्यामुळे त्याचा फक्त कान दिसत होता. समोर बसलो असतो तर जमलं नसतं.

मी सांगितलं. श्राद्धाच्या दिवशी कुठे गेलो होतो ते सांगितलं. सल्ला का दिला तेही सांगितलं, म्हणजे आता जसं कळलंय तसं. त्याचा काच पुसणारा हात थांबला नाही.

"माले माहीत शे," तो म्हणाला.

मी विचारलं, कव्हयथीन.

"घट बसनात त्या दिनथीन. पवननी चहा पेता पेता सांगं. तुमना कंडक्टरनी लिधं म्हने."

रेडिएटरचं पाणी, पान, दसऱ्याचं ते हसणं, भाकरी, सगळं एकेक करून माझ्या अंगावर आलं. इतके दिवस मी हे सगळं इथे लिहीत होतो आणि मला काहीही दिसत नव्हतं. शेवटी विचारलं, मग बोलला का नाहीस.

त्याने मागे वळून पाहिलं. "मी काय बोलसू? बोलानं तुले व्हतं."

मी त्याला सांगितलं की बुकिंगवरचं माझं नाव काढून त्याचं घालायचं आहे, पवनशी बोललोय, बिल्डरची हरकत नाही, फक्त त्याने होकार द्यावा. तो नाही म्हणेल अशी मला धास्ती होती. नाही म्हणाला असता तर माझ्याकडे घरही राहिलं असतं आणि पापही. तो खूप वेळ स्टीअरिंगवर हात ठेवून बसला.

"घर मी बेबीसाठे लेस," म्हणाला. "तुन्हासाठे नही. हाई ध्यानमा ठेव."

मी ध्यानात ठेवलं.

दुपारी ड्यूटीवरून आल्यावर दोघं पवनकडे गेलो. तो म्हणाला, काका, आज अमावास्या आहे, सोमवारी करू. मी म्हणालो, आजच कर. त्याने माझं नाव काढलं आणि सुकलालभाऊचं घातलं. भाऊने सही केली आणि एकटाच घर बघायला आत गेला. मी रस्त्यावर थांबलो. आतून नळाचा आवाज आला आणि बंद झाला.

बाहेर आल्यावर मी त्याला म्हणालो, धुळ्याची ड्यूटी आता मागे घे. तो म्हणाला, दिलेला अर्ज दिला. रागाने नाही बोलला. जसं गाडी किती वाजता सुटते सांगावं तसं.

त्याच्या घराखाली पोचल्यावर मी म्हणालो, वहिनीला मी सांगणार. त्याचं म्हणणं वेगळं होतं. "वर येवानं काम नही. मी सांगसू तिले, पहिला गिऱ्हाइकनी सोडी दिधं म्हनीसन. ती तुले मानस. ऱ्हावू दे." हे तो माझ्यावर दया म्हणून बोलत नव्हता. तिचं मन मोडू नये म्हणून बोलत होता. आणि मला मोह झाला. घर तिला मिळतच होतं. ती आयुष्यभर मला चांगलं म्हणत राहिली असती, वास्तूला पहिल्या पंगतीत बसवलं असतं, मी पुरणपोळी खाल्ली असती.

मी म्हणालो, नाही, मीच सांगतो. तो बाजूला झाला आणि मला जिन्यावर पुढे जाऊ दिलं.

वहिनी कॉटवर बसून लसूण सोलत होती. मला पाहून सरकून जागा केली. भाऊने तिला सांगितलं की घर मिळालं, तेच, टोकाचं. तिने लसणाचं सूप खाली ठेवलं, देवाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुम्ही दत्तले सांगं, तेना गुण."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"वहिनी," मी म्हणालो, "ते घर पितरपाटामा लेनारा मीच व्हतू. तुम्हले थांबाडीसन मी लिधं."

तिचा हात माझ्या डोक्याकडे येत होता, दसऱ्याला आला होता तसा. तो मध्येच थांबला आणि तिने मांडीवर ठेवला. भाऊ दारात उभा होता. खाली भाजीवाला ओरडत होता, कोणी उत्तर दिलं नाही.

मी उठेपर्यंत तिने लसणाचं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं होतं. मी जिना उतरून खाली आलो.